एका अपघाताचे अनेक धनी

पुण्याहून नाशिककडे जाणारा महामार्ग आंबेगाव तालुक्यात मंचर व कळंब आणि पुढे जुन्नर तालुक्यात नारायणगाव ही गावे मागे टाकीत उत्तरेस जातो, आणि आळेफाट्यास त्याला कल्याणहून माळशेज घाट चढून आलेला व अहिल्यानगरकडे निघालेला दुसरा मोठा रस्ता छेदतो. सातवाहनांच्या काळी नाणेघाटाने कोकणातून वर येणारा व्यापार ज्या प्रदेशात उतरत असे, त्याच प्रदेशात आज टोमॅटोच्या जाळ्यांनी भरलेल्या पिकअप गाड्या, उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, दुधाचे टँकर, एसटीच्या बसगाड्या, वडाप करणाऱ्या जीपगाड्या आणि या सर्वांच्या फटींतून वाट काढणाऱ्या मोटारसायकली एकाच डांबरावर धावत असतात. १७ जानेवारी २०२५ रोजी सकाळी याच रस्त्यावर नारायणगावनजीक एका टेम्पोची मागून धडक बसलेली प्रवासी गाडी रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या रिकाम्या बसवर जाऊन आदळली आणि नऊ माणसे प्राणांस मुकली. त्या घटनेत कोणाचा दोष होता, असल्यास किती, हे ठरविण्याचा अधिकार न्यायासनाचा आहे आणि मी त्यात शिरत नाही. परंतु एक धडक देणारे वाहन, एक उभे वाहन आणि त्या दोहोंमध्ये सापडलेली, ज्यांच्याकडे ना चाक होते ना ब्रेक, अशी माणसे, ही त्या अपघाताची मांडणी मात्र आपल्या रस्त्यांवर इतकी वारंवार आढळते की तिच्यामागील कायदा सामान्य वाचकाने समजून घेणे मला अत्यंत अगत्याचे वाटते.

अपघात झाला की गावात पहिला प्रश्न विचारला जातो तो ‘चूक कोणाची?’ हा, आणि त्याचे उत्तर एकवचनी असावे अशी प्रत्येकाची अपेक्षा असते. फौजदारी कायद्याची रीतही काहीशी तशीच. तेथे आरोपी ठरतो, त्याच्यावर खटला चालतो आणि शिक्षा होते अगर तो सुटतो. परंतु ज्या घरातला कर्ता माणूस गेला त्या घराची चूल फौजदारी निकालाने पेटत नाही. ती ज्या कायद्याच्या आधारे पेटण्याचा संभव असतो तो अपकृत्यांचा कायदा, म्हणजे एकाच्या निष्काळजीपणाने दुसऱ्याची हानी झाली असता ती भरून देण्याचे दायित्व ठरविणारा कायदा होय. आणि तेथे प्रश्न असतो तो कोणास दंडावे हा नसून झालेल्या हानीचा भार कोणी, किती आणि कोणत्या क्रमाने उचलावा हा.

एक कल्पित उदाहरण घेऊ. हंगामाचे दिवस आहेत, रात्रीचे आठ वाजले आहेत, आणि ओतूरहून आळेफाट्याकडे एक शेतकरी पत्नीस मागे बसवून मोटारसायकलवरून निघाला आहे. पुढे उसाची ट्रॉली पंक्चर होऊन रस्त्यावरच उभी आहे. तिला मागचा दिवा नाही, परावर्तक पट्ट्या चिखलाने झाकल्या आहेत, आणि चालकाने मागे चार दगड व एक बाभळीची फांदी ठेवून आपले कर्तव्य संपले असे मानले आहे. समोरून येणाऱ्या पिकअपचा चालक प्रखर दिवे खाली करीत नाही. आपला शेतकरीही वेग कमी करीत नाही. मोटारसायकल ट्रॉलीवर आदळते, पतीस मार बसतो आणि पत्नीस आयुष्यभराचे अपंगत्व येते. असे धरू की पत्नीची हानी वीस लक्ष रुपयांची, पतीची दहा लक्षांची ठरली आणि न्यायाधिकरणाच्या मते दोष ट्रॉलीकडे शेकडा ५०, पिकअपकडे ३० आणि पतीकडे २० असा आहे.

येथे एकाच अपघातास दोन निरनिराळे नियम लागू होतात, आणि पुष्कळ घोटाळा होतो तो हे न उमगल्यामुळे. पतीचा स्वतःचा दोष त्याच्या स्वतःच्या हानीस कारण झाला असल्यामुळे त्याच्या दहा लक्षांतून शेकडा वीस वजा होतात आणि त्यास आठ लक्ष मिळतात. यास अंशदायी निष्काळजीपणा म्हणतात. पत्नीचा मात्र काहीच दोष नाही. तिच्या दृष्टीने ट्रॉलीवाला, पिकअपवाला आणि स्वतःचा पतीदेखील, हे तिघेही तिची हानी करणारे आहेत, आणि यास संमिश्र निष्काळजीपणा अशी संज्ञा आहे. सर्वोच्च न्यायालयाने टी. ओ. अँथनी यांच्या २००८ सालच्या प्रकरणात हा भेद स्पष्ट करून सांगितला, कारण खालच्या न्यायाधिकरणांकडून या दोहोंची गल्लत वारंवार होत असे आणि निर्दोष प्रवाशाच्या भरपाईतूनही दुसऱ्याच कोणाच्या दोषाचा हिस्सा कापला जाण्याची भीती होती.

मग पत्नीने वीस लक्ष रुपये मागावेत कोणाकडे? २०१५ साली खेनेई विरुद्ध न्यू इंडिया अॅश्युरन्स या प्रकरणात, जेथे बस आणि मालवाहू ट्रेलर यांची टक्कर झाली होती परंतु दावेदारांनी एकाच बाजूस प्रतिवादी केले होते, सर्वोच्च न्यायालयाने या प्रश्नाचे निःसंदिग्ध उत्तर दिले: निर्दोष पीडितास सर्व अपकर्त्यांवर अगर त्यांपैकी कोणाही एकावर दावा करता येतो आणि संपूर्ण रक्कम त्या एकाकडून वसूल करता येते. सर्वजण न्यायासनासमोर हजर असतील आणि पुरावा पुरेसा असेल तर न्यायाधिकरणाने त्यांच्या आपसांतील वाट्याचे प्रमाण लिहून ठेवावे, म्हणजे ज्याने सर्व रक्कम भरली त्यास उरलेल्यांकडून त्यांचा हिस्सा वसूल करणे सुकर होईल. परंतु जो हजरच नाही त्याच्या दोषाचे प्रमाण त्याच्या पाठीमागे ठरविता येणार नाही, आणि ज्याने रक्कम भरली त्याने पुढे स्वतंत्रपणे त्याच्यावर दावा करावा. विधिज्ञ यास संयुक्त आणि पृथक् दायित्व म्हणतात.

या नियमामागे केवळ दया आहे असे नव्हे, त्यामागे विचार आहे. ट्रॉली नीट उभी असती तर अपघात झाला नसता. पिकअपचे दिवे खाली असते तरीही तो झाला नसता. प्रत्येकाचा दोष त्या संपूर्ण हानीचे आवश्यक कारण आहे, आणि तिची हानी विभाज्य नाही; तिच्या मोडलेल्या कण्याचा शेकडा तीस भाग पिकअपने मोडला असे कोणताही वैद्य सांगू शकणार नाही. टक्केवारी ही दोषी पक्षांची परस्परांतील हिशेबाची सोय आहे. त्या हिशेबातला कोणी पळून गेला, दिवाळखोर निघाला, त्याच्या ट्रॉलीचा विमाच नव्हता असे आढळले, तर त्या तुटीचा भार ज्याने काहीच केले नाही तिने सोसावा की ज्याने काही तरी केले त्याने, एवढाच प्रश्न उरतो. आणि त्याचे उत्तर देण्यास विधिशास्त्राचा व्यासंग लागत नाही.

तथापि दुसरी बाजूही ऐकून घेतली पाहिजे. शेकडा तीस दोषाच्या पिकअपचा विमा आहे म्हणून त्याच्या विमा कंपनीने शंभर टक्के रक्कम भरावी, आणि शेकडा पन्नास दोषाच्या ट्रॉलीवाल्याने हात झटकून मोकळे व्हावे, हे विषम आहे हे उघड आहे. या विषमतेवर इलाज म्हणजे अंशदानाचा हक्क, ज्याने भरले त्याने इतरांकडून त्यांचा वाटा मागून घेण्याचा हक्क. आणि याच हक्काचा इतिहास विलक्षण आहे. १७९९ साली इंग्लंडात मेरीवेदर आणि निक्सन या दोघांवर एका गिरणीच्या नुकसानीबद्दल संयुक्त हुकूमनामा झाला. वादीने ८४० पौंडांची सगळी रक्कम एकट्या मेरीवेदरकडून वसूल केली, तेव्हा त्याने निक्सनकडे निम्मा वाटा मागितला. लॉर्ड केनियन यांनी तो नाकारला, कारण दोघे अपकृत्य करणारे, आणि एका अपकृत्य करणाऱ्यास दुसऱ्याकडून वाटा मागता येत नाही. हा नियम बुद्धिपुरस्सर केलेल्या दुष्कृत्यास कदाचित शोभेल. परंतु ज्या शतकात हानी मुख्यतः यंत्रांच्या आणि वाहनांच्या बेपर्वाईने होऊ लागली त्या शतकातही तो कायम राहिला, आणि इंग्लंडच्या संसदेने तो रद्द करावयास १९३५ साल उजाडले. पुढे १९७८ साली याच विषयावर अधिक व्यापक कायदा तेथे झाला.

आपल्याकडे काय झाले? मुंबई इलाख्यात एल्फिन्स्टनच्या अमदानीत झालेल्या १८२७ सालच्या चौथ्या रेग्युलेशनने, जेथे विशिष्ट कायदा अगर रूढी नाही तेथे न्याय, समता आणि सद्सद्विवेक यांस अनुसरून निर्णय द्यावा असे न्यायाधीशांस सांगितले, आणि अपकृत्यांचा इंग्रजी कायदा प्रामुख्याने या दरवाजाने आत आला. करारांचा कायदा १८७२ मध्ये संहिताबद्ध झाला, दंडसंहिता त्याआधीच झाली होती. अपकृत्यांसाठीही सर फ्रेडरिक पोलॉक यांच्याकडून हिंदुस्थान सरकारने १८८० च्या दशकात विधेयकाचा मसुदा करवून घेतला, परंतु तो कधीच कायदा झाला नाही. परिणाम असा की दोन भावांनी मिळून सावकाराचे कर्ज घेतले आणि एकाने ते सर्व फेडले, तर करार कायद्याचे त्रेचाळिसावे कलम त्यास दुसऱ्याकडून वाटा मिळवून देते, आणि देणेकऱ्यांपैकी एखादा बुडाला तर त्याची तूट बाकीच्यांनी सारखी वाटून घ्यावी हेही तेच कलम सांगते. पण दोन चालकांनी मिळून एका पादचाऱ्याचा जीव घेतला आणि एकाने सर्व भरपाई दिली, तर त्यास वाटा मिळवून देणारे असे सर्वसाधारण कलम आपल्या कायद्याच्या पुस्तकांत आजही नाही. अलाहाबाद व नागपूर येथील उच्च न्यायालयांनी विसाव्या शतकाच्या मध्यास मेरीवेदरचा नियम या देशात जसाच्या तसा चालणार नाही अशी भूमिका घेतली, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या अलीकडील निर्णयांनी मोटार अपघातांपुरता तरी मार्ग मोकळा केला. परंतु हा सारा इमला निवाड्यांच्या दगडांवर रचलेला आहे, त्यास अधिनियमाचा पाया नाही.

परदेशांत मात्र विसाव्या शतकाच्या अखेरीस वारा उलट दिशेने, म्हणजे संयुक्त दायित्व कमी करण्याच्या दिशेने, वाहू लागला होता. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात डिस्नेच्या करमणूक उद्यानात १९७१ साली लहान मोटारींच्या शर्यतीच्या खेळात एका स्त्रीस इजा झाली. पंचांनी दोषाची वाटणी केली ती अशी: तिच्या नियोजित पतीचा दोष शेकडा ८५, तिचा स्वतःचा १४ आणि डिस्ने कंपनीचा १. तोवर ते दोघे विवाहबद्ध झालेले असल्याने त्याच्याकडून काही येणे नव्हते, आणि शेकडा एक दोषाच्या कंपनीस शेकडा ८६ रक्कम भरावी लागली. १९८७ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने हा निर्णय कायम केला. या एका प्रकरणाचा उपयोग विमा कंपन्यांनी आणि उद्योजकांनी वर्षानुवर्षे केला. कॅलिफोर्नियात १९८६ च्या सार्वमताने वेदना, मानसिक क्लेश आदी आर्थिकेतर हानीपुरता प्रत्येक अपकर्त्याने आपापल्या टक्केवारीपुरताच भार उचलावा असे ठरले. फ्लोरिडाने २००६ मध्ये संयुक्त दायित्व जवळजवळ संपूर्णच काढून टाकले. ऑस्ट्रेलियात एका मोठ्या विमा कंपनीचे २००१ साली दिवाळे निघाल्यानंतर अशाच सुधारणेची लाट आली. मात्र तेथील कायदेकर्त्यांनी प्रमाणशीर दायित्वाचा नियम मालमत्तेच्या व आर्थिक हानीस लावला आणि शारीरिक इजा व मृत्यू यांस त्यातून वगळले, ही गोष्ट आपल्याकडे या सुधारणांची भलामण करणारे बहुधा सांगत नाहीत.

आपल्या कल्पित उदाहरणास प्रमाणशीर दायित्व लावून पाहावे म्हणजे त्याचा अर्थ कळेल. ट्रॉलीचा विमा नाही, तिच्या धन्याकडे दोन एकर जिरायत आणि सोसायटीचे कर्ज. पिकअपची कंपनी आपले शेकडा तीस म्हणजे सहा लक्ष रुपये देऊन पाठ फिरविते. पतीचा वाटा तर तिच्याच घरातला. वीस लक्षांच्या हानीपोटी त्या स्त्रीच्या पदरात सहा लक्ष. ज्या देशात आरोग्यविमा सार्वत्रिक आहे आणि अपंगास शासन पोसते, तेथे ही तूट कदाचित सुसह्य होईल; जेथे दवाखान्याचे बिल भागविण्यास बैलजोडी अगर वावर विकावे लागते तेथे ती होणार नाही. म्हणून माझे मत असे आहे की मृत्यू आणि शारीरिक इजा यांच्या बाबतीत पीडितासमोर सर्व अपकर्ते एक मानले पाहिजेत, आणि सुधारणा जी करावयाची ती त्यांच्या आपसांतील वाटणीत केली पाहिजे, पीडिताच्या हक्कात नव्हे.

अशी वाटणी आपल्या न्यायालयांना अवघड नाही. दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात १३ जून १९९७ रोजी लागलेल्या आगीत ५९ माणसे दगावली. विद्युत मंडळाचे रोहित्र, चित्रपटगृहाच्या मालकांनी बंद केलेल्या वाटा, परवाना देणारे आणि तपासणी करणारे अधिकारी, अशी दोषांची साखळीच तेथे होती. दिल्ली उच्च न्यायालयाने मालकांवर शेकडा ५५ आणि तीन सार्वजनिक यंत्रणांवर प्रत्येकी १५ असा भार टाकला. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने महानगरपालिका व परवाना अधिकारी यांस मुक्त करून मालकांवर ८५ आणि विद्युत मंडळावर १५ अशी फेरवाटणी केली. परवाना देणाऱ्याचे दुर्लक्ष हे भरपाईस पात्र अपकृत्य नव्हे, या त्या निर्णयातील विचाराशी मी आजही सहमत होऊ शकत नाही. जो तपासण्यासाठी पगार घेतो त्याने तपासले नाही, तर त्याचा अंश शून्य धरणे हे भाराचे वाटप नसून भाराचे स्थलांतर आहे.

कारण अनेक अपकर्त्यांच्या प्रकरणांत हटकून सुटणारा जर कोणी असेल तर तो शासनाचा कोणता ना कोणता विभाग असतो. मोतीलाल सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने १९५६ साली आपला पहिलाच अहवाल दिला तो शासनाच्या अपकृत्यविषयक दायित्वावर. त्यास अनुसरून १९६५ व १९६७ साली संसदेत विधेयके आली आणि दोन्ही बारगळली. रस्त्यांपुरते पाहू गेल्यास स्थिती थोडी सुधारली आहे. केरळातील बिनफाटकाच्या रेल्वे क्रॉसिंगवर १९७९ साली झालेल्या बसच्या अपघातासंबंधी सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये सांगितले की वाहनाच्या जोडीने रेल्वेचाही निष्काळजीपणा असेल तर मोटार अपघात न्यायाधिकरणापुढेच रेल्वेसही प्रतिवादी करता येते. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १९८-अ हे कलम आले, आणि रस्त्याचा आराखडा, बांधणी वा देखभाल मानकांप्रमाणे नसल्यामुळे मृत्यू अगर अपंगत्व आले तर ठेकेदार वा सल्लागार यांस एक लक्ष रुपयांपर्यंत दंड ठरला. परंतु तो दंड शासकीय निधीत जातो, त्या घरात नाही, आणि कोट्यवधींच्या ठेक्यात एक लक्षाची मातब्बरी ती काय! याहून मोलाचे पाऊल मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्डे व उघडी गटारे यांसंबंधीच्या, २०१३ पासून चालत आलेल्या जनहित प्रकरणात उचलले: मृत्यूस सहा लक्ष, इजेस पन्नास हजारांपासून अडीच लक्षांपर्यंत भरपाई संबंधित यंत्रणेने आधी द्यावी आणि नंतर ती कसूरदार ठेकेदार वा अधिकारी यांच्याकडून वसूल करावी. आधी पीडितास द्या, मग आपसांत भांडा, या क्रमाचे याहून स्वच्छ उदाहरण अलीकडे माझ्या पाहण्यात नाही. विमा कंपनीने त्रयस्थास आधी पैसे द्यावेत आणि परवाना नसलेल्या चालकाच्या मालकाकडून मागाहून वसूल करावेत, हा २००४ सालच्या स्वर्णसिंग प्रकरणातील नियमही याच जातीचा आहे.

आता उसाच्या ट्रॉलीकडे पुन्हा वळतो, कारण या दोन तालुक्यांत हा विषय घरोघरचा आहे. निवृत्तीनगरचा विघ्नहर आणि पारगावचा भीमाशंकर हे दोन सहकारी साखर कारखाने येथील अर्थव्यवहाराचे आधारस्तंभ आहेत, आणि त्यांच्याविषयी, किंवा कोणत्याही एका कारखान्याविषयी, मी येथे तक्रार मांडीत नाही; प्रश्न सबंध महाराष्ट्रातील ऊसवाहतुकीच्या रचनेचा आहे. ट्रॅक्टर एकाचा, ट्रॉल्या कधी कधी दुसऱ्याच्या, चालक रोजंदारीवर, वाहतुकीचा करार ठेकेदाराशी, उचल घेतलेली मुकादमाने, आणि ऊस मात्र ठरल्या वेळी गव्हाणीत पडावा ही निकड कारखान्याची. स्वतंत्र ठेकेदाराच्या निष्काळजीपणाबद्दल काम देणारा सामान्यतः जबाबदार नाही हे जुने तत्त्व येथे पुढे केले जाते. शिवाय ट्रॅक्टरचा विमा आहे पण ट्रॉलीचा नाही, शेतीच्या कामासाठी नोंदविलेले वाहन भाड्याच्या वाहतुकीस वापरले, अशा हरकती घेत विमा कंपनी वर्षानुवर्षे झगडते, आणि टी. टी. फॉर्मवर, म्हणजे मालकी हस्तांतराच्या अर्जावर, सही करून गाडी विकली पण नाव चढविले नाही अशा जुन्या मालकास, सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ सालच्या निर्णयाप्रमाणे, विकलेल्या गाडीचे दायित्व पत्करावे लागते. कारखान्यांच्या आवारात हंगामाच्या आरंभी परावर्तक पट्ट्या लावण्याचे कार्यक्रम होतात ही चांगली गोष्ट आहे. परंतु ज्याच्या काट्यावर ट्रॉलीचे वजन होते त्यास दिवा नसलेली ट्रॉली परत पाठविण्याचे सामर्थ्य आहे, आणि सामर्थ्य आहे तेथे दायित्वाचा काही अंश असावा असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे. तो अंश शेकडा पाच का असेना; एकदा तो कायद्याने लागू झाला की दिवे कोणी सांगण्याची वाट न पाहता लागतील.

मात्र दोषांचे धनी अनेक असले की हानी भरून निघण्याची शक्यता वाढते असे समजणे चुकीचे ठरेल, आणि याचे सर्वांत दुःखद उदाहरण आंबेगाव तालुक्यातच आहे. ३० जुलै २०१४ रोजी सकाळी डिंभे धरणाच्या वरच्या अंगास असलेल्या माळीण गावावर डोंगर कोसळला, सुमारे दीडशे माणसे गाडली गेली, आणि नेहमीप्रमाणे आलेल्या एसटीच्या चालकास जेथे गाव दिसावयास हवे होते तेथे चिखल दिसला तेव्हा बाहेरच्या जगास वार्ता कळली. कारणांची चर्चा पुष्कळ झाली. अतिवृष्टी हे पहिले कारण निर्विवाद होते. त्याखेरीज उतारांची झालेली छेडछाड, वृक्षतोड, आणि पडकईच्या कामांत, म्हणजे डोंगरउतारावर भातखाचरे काढण्याच्या जुन्या सामुदायिक पद्धतीत, यंत्रांचा झालेला वापर यांकडे अनेकांनी बोट दाखविले, तर इतरांनी ते अमान्य केले. पडकई ही महादेव कोळी समाजाची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. तिच्यात यंत्र आणणारी योजना शासनाची, काम करणारा कोणी ठेकेदार, आणि खाचर शेवटी त्याच कुटुंबाचे जे खाली गाडले गेले. अशा ठिकाणी अपकृत्याच्या कायद्याचे हात थिटे पडतात: निसर्गाचा वाटा किती, योजनेचा किती, यंत्राचा किती हे सिद्ध करावयाचे ओझे ज्याचे सर्वस्व गेले त्याच्यावर, आणि सिद्ध न झाल्यास प्रत्येकाचा अंश शून्य. माळीणच्या वाचलेल्या लोकांना मदत मिळाली, आमडे येथे नवे गाव वसले आणि २०१७ च्या एप्रिलमध्ये ते त्यांच्या स्वाधीन झाले. पण ती मदत शासनाच्या करुणेतून व धोरणातून आली, हक्क म्हणून नव्हे. ज्या हानीची कारणे एकमेकांत गुंतलेली असतात आणि त्यांपैकी एक कारण खुद्द शासनाची योजना असण्याचा संभव असतो, तेथे दोष सिद्ध होण्याची वाट न पाहता ठराविक भरपाई देणारा कायदा असावा आणि दोषाची वाटणी विभागाविभागांनी मागाहून करीत बसावी, याखेरीज मला दुसरा मार्ग दिसत नाही. मोटार वाहन कायद्याच्या १६४ व्या कलमात हे तत्त्व आधीच मान्य झालेले आहे. तेथे दोष न शोधता मृत्यूस पाच लक्ष आणि गंभीर इजेस अडीच लक्ष रुपये देण्याची तरतूद आहे.

तालुक्याच्या पातळीवर हे सारे कसे घडते हेही सांगितले पाहिजे, कारण उत्तम कायदाही पंचनाम्याच्या कागदावर येऊन अडखळतो. नारायणगाव, आळेफाटा, ओतूर, मंचर वा घोडेगावच्या ठाण्यात फिर्याद नोंदविली जाते तेव्हा ती देणारा शोकाकुल असतो, आणि ज्या वाहनाने शेवटची धडक दिली त्याचेच नाव तीत येते. रस्त्यावर मध्येच उभी असलेली ट्रॉली तोवर हलविलेली असते, दगड कडेला फेकलेले असतात, आणि खांबावरचा दिवा बंद होता की चालू हे लिहून घेण्याचे कोणास सुचत नाही. पुढे पुण्यात न्यायाधिकरणापुढे क्लेम उभा राहतो तेव्हा त्याच कागदावर सर्व भिस्त असते. म्हणून मयताच्या नातेवाइकांपैकी जो सावध असेल त्याने घटनास्थळाची छायाचित्रे त्याच दिवशी घ्यावीत, थांबलेल्या वाहनाचा क्रमांक टिपून घ्यावा, महामार्गाचा तो टप्पा कोणत्या यंत्रणेच्या व कोणत्या ठेकेदाराच्या ताब्यात आहे याची विचारणा लेखी करावी, आणि वकिलाने दिसतील तेवढ्या सर्वांना प्रतिवादी करावे. एकाकडून सर्व रक्कम मिळण्याचा हक्क आहे म्हणून बाकीच्यांना सोडून देणे शहाणपणाचे नाही. ज्यास धरले तोच निर्दोष ठरला तर हाती काहीच उरत नाही. १ एप्रिल २०२२ पासून क्लेम दाखल करण्यास अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांची मुदत घातली गेली आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे, तरी त्या भरवशावर राहू नये.

विधिमंडळाने वा संसदेने एक छोटासा अधिनियम करावा, अशी माझी विनंती आहे, आणि त्याची कलमे फार नसावीत. मृत्यू व शारीरिक इजा यांत निर्दोष पीडितास कोणाही अपकर्त्याकडून पूर्ण रक्कम. भरणाऱ्यास इतरांकडून दोषाच्या प्रमाणात अंशदानाचा स्पष्ट हक्क. आणि एखाद्याचा वाटा बुडीत निघाल्यास करार कायद्याच्या त्रेचाळिसाव्या कलमाच्या धर्तीवर, पण सारखा नव्हे तर दोषाच्या प्रमाणात, बाकीच्यांत त्याची विभागणी. वरील उदाहरणात ट्रॉलीवाला कफल्लक निघाल्यास वीस लक्षांपैकी बारा पिकअपने आणि आठ पतीने सोसावे असा हिशेब होईल, आणि येथेच या कायद्याची सर्वांत नाजूक गाठ आहे. मोटारसायकलच्या केवळ त्रयस्थ विम्यात मागे बसलेल्या व्यक्तीचा अंतर्भाव होत नाही हे अनेकांना अपघातानंतरच कळते. तेव्हा पिकअपच्या कंपनीने पत्नीस वीस लक्ष दिले आणि त्यांतले आठ लक्ष पतीकडून परत घेतले, तर ते एकाच घराच्या एका कोनाड्यातून काढून नेल्यासारखे होईल, आणि डिस्नेच्या प्रकरणात जी अडचण दुसऱ्या टोकाने आली होती तीच येथे उलट होऊन उभी राहील. पीडितासह एकत्र राहणाऱ्या कुटुंबीयाकडून, त्याच्या विम्याच्या मर्यादेपलीकडे, अंशदान वसूल करता येऊ नये असे कलम घालावे, अशा मताचा मी आहे. विमा कंपन्यांस ते आवडणार नाही, आणि पतीच्या दोषाचा भार मग त्या पिकअपच्या कंपनीवर पडतो हा त्यांचा आक्षेप खोटाही नाही, परंतु दोन अन्यायांपैकी जो हप्त्यांच्या रूपाने हजारो विमाधारकांत वाटला जातो तो एका घरावर कोसळणाऱ्या अन्यायाहून सोसण्यास हलका आहे. राहता राहिली अंशदानाच्या दाव्याची मुदत: इंग्लंडात ती दोन वर्षांची आहे, आणि आपल्याकडे ती ठरविताना अपघाताच्या तारखेपासून न मोजता भरपाईचा हुकूमनामा झाल्याच्या अगर रक्कम देण्याचे कबूल केल्याच्या तारखेपासून मोजावी, कारण आपल्या न्यायाधिकरणांत मूळ क्लेमच कित्येक वर्षे चालतो आणि तोवर अपघाताच्या तारखेपासूनची कोणतीही मुदत संपून गेलेली असते.